'गारदी' हा शब्द कुठून आला? शब्दाचं मूळ शोधायची रीत

शनिवारवाड्याच्या नारायण दरवाजापाशी उभं राहून कोणाही पुणेकराला 'गारदी म्हणजे कोण' असं विचारा, उत्तर लगेच येतं: नारायणराव पेशव्यांना मारलं ते. 'शब्द मुळात कुठला?' असं विचारलं की मात्र चारजण चार उत्तरं देतात. इंग्रजी गार्ड. पोर्तुगीज ग्वार्दा. फ्रेंच गार्द. आणि गर्दी करून आले म्हणून गारदी, असं सांगणाराही एखादा असतोच.

परक्या शब्दाचं मूळ कसं शोधायचं याची रीत या एकाच शब्दावर इथे करून दाखवली आहे. सामान थोडंच लागतं: पाच बाय तीन इंचाची पन्नासेक कोरी कार्डं, पेन्सिल (जुन्या ग्रंथालयांत शाईपेक्षा पेन्सिल बरी), आणि दोन सकाळी. एक कोशांसाठी, एक छापील कागदपत्रांसाठी.

आधी अर्थ आणि रूपं

कोश उघडण्याआधी शब्द आज कुठे कुठे वापरला जातो ते लिहून काढा. दर कार्डावर एकच वापर, वर शब्द, खाली पूर्ण वाक्य, कोपऱ्यात तो कुठे सापडला ते. वाक्य अर्धवट उतरवलं की पुढे अर्थ लावताना नेमका हवा तो शब्द गाळलेला निघतो.

'गारदी'चे दोन अर्थ सहज हाती लागतात. जुना अर्थ म्हणजे युरोपी पद्धतीची कवायत शिकलेला, बंदूक वापरणारा पगारी पायदळ शिपाई. नंतरचा अर्थ म्हणजे भाडोत्री मारेकरी, पैशासाठी धन्यावर उलटणारा. दुसऱ्या अर्थाचा जन्म कुठे झाला ते शोधावं लागत नाही. भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी शनिवारवाड्यात जे घडलं त्याने मारेकऱ्यांतल्या सुमेरसिंगाबरोबर सगळ्या गारद्यांचं नाव बदनाम केलं. तोवर हा नोकरीच्या प्रकाराचा शब्द होता. पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून मेलेला इब्राहिमखानही गारदीच, हे विसरलं की व्युत्पत्तीची पहिली चूक तिथेच होते: शोधणारा 'मारेकरी' अर्थाचं मूळ शोधू लागतो आणि ते कुठल्याच भाषेत मिळत नाही. मूळ शोधायचं ते नेहमी सर्वांत जुन्या अर्थाचं.

रूपांमध्ये 'गारदी', 'गाडदी', 'गार्दी' आणि ज्याच्यापासून हे बनलं ते 'गारद' अशी चार कार्डं तरी हवीत. 'गारद' अजून जिवंत आहे. पोलिसांत बंगल्यावर किंवा तुरुंगावर सशस्त्र गारद असते, आणि शिवजयंतीला तरुण मंडळी छत्रपतींच्या नावाने 'गारद देतात'. गारद म्हणजे पहारा किंवा पहाऱ्याची तुकडी, आणि त्यातला माणूस गारदी. फौज-फौजी, जंगल-जंगली यांतला जो 'ई' आहे, तोच इथे. म्हणजे परका शब्द 'गारद' एवढाच, शेपूट इथे जोडलेलं. प्रत्यय सोलून काढल्याशिवाय परक्या कोशात शोधू नका. 'गारदी' असा शब्द फ्रेंच कोशात कधीच सापडणार नाही.

सारखे दिसणारे बाजूला काढा

सर्वांत जास्त फसगत इथे होते. क्रिकेटच्या बातमीत 'पाहुणा संघ ऐंशीत गारद' असं छापून येतं. हा 'गारद' पहाऱ्याचा नाही. अरबीतून फारसीमार्गे आलेला 'गारत' म्हणजे लूट, विध्वंस. हिंदीत 'ग़ारत करना' तसाच राहिला, मराठीत त चा द होऊन तो पहाऱ्याच्या गारदेला जाऊन चिकटला. ओळखायचं कसं? व्याकरणाने. पहाऱ्याची गारद स्त्रीलिंगी नाम आहे: गारद बसली, गारदेवर होता, गारदेत ठेवला. धुळीला मिळालेला 'गारद' नेहमी 'होणे' किंवा 'करणे' बरोबरच येतो, त्याला विभक्ती लागत नाही. 'संघ गारदेत झाला' असं कोणी म्हणत नाही. जिथे अर्थ एकमेकांपासून लांब आणि व्याकरणही वेगळं, तिथे दोन शब्द आहेत असं समजून दोन वेगळ्या गठ्ठ्या करा.

दुसरा तोतया 'गर्दी'. तो फारसी 'गर्दीदन'चा, म्हणजे फिरणं, उलटणं. उथळपाथळ, धामधूम या अर्थाने तो जोडून यायचा. पानिपतच्या धामधुमीला 'भाऊगर्दी' म्हणत, ते यातूनच. आज आपण लग्नातल्या पदार्थांच्या भाऊगर्दीबद्दल बोलतो तेव्हा सदाशिवरावभाऊ कोणाच्या मनातही नसतात. गुंडागर्दी, दहशतगर्दी यांतही तोच आहे. पानिपताच्या कागदांत 'गर्दी' आणि 'गारदी' दोन्ही येतात, प्रसंग एक, माणसं तीच, म्हणून घोटाळा हमखास. 'ग' वरचा काना हा इथे खरा पुरावा आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेलांटीचा भरवसा नसतो, तिथे 'गारदि' की 'गारदी' यावर वाद घालू नये. पण काना आहे की नाही हा फरक मोडीतही फरकच असतो.

कोश कोणता, कसा वाचायचा

मोल्सवर्थपासून सुरुवात करा. १८५७ची दुसरी आवृत्ती, सुमारे ६० हजार शब्दांची, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येते. शब्दाशेजारी कंसात रोमन अक्षर असतं: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्थानी. पण मोल्सवर्थचा खरा उपयोग उलट्या शोधात आहे. मथळ्यात मराठी शब्द टाकण्याऐवजी पूर्ण मजकुरात इंग्रजी 'गार्ड' शोधा. ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात पहारा आला आहे ते सगळे समोर येतात, आणि डोक्यात नसलेली रूपं सापडतात.

त्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात विभाग, पुण्यातच १९३२ पासून छापला गेला. यात व्युत्पत्ती नोंदीच्या शेवटी चौकोनी कंसात असते आणि '(ल.)' म्हणजे लाक्षणिक अर्थ. या कोशाचं बळ उताऱ्यांत आहे: अर्थासोबत जुन्या ग्रंथातलं किंवा पत्रातलं वाक्य आणि त्याचा पत्ता दिलेला असतो. तो पत्ता कार्डावर उतरवा, व्युत्पत्ती नंतर पाहा. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (१९४६) आणि माधव जूलियन यांचा फारशी-मराठी कोश (१९२५) हे दोन लगोलग बघायचे. दुसऱ्याचा उपयोग शब्द बाद करायला: 'गारत' आणि 'गर्दी' दोन्हींचा निकाल तिथे लागतो.

परक्या बाजूला तीन कोश पुरतात. यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन (१८८६), म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांचा कोश. यात 'गार्डी' अशी वेगळी नोंदच आहे, तिच्याकडे पुढे येऊ. पोर्तुगीजसाठी गोव्याचे सेबास्तियाव रोदोल्फ दालगादो, ज्यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांची यादी १९१३ साली छापली. बटाटा, पगार, चावी, लिलाव, घमेलं हे सगळं तिथे भेटतं. आणि फ्रेंचसाठी 'त्रेझॉर' हा मोठा कोश, जो सीएनआरटीएल या फ्रेंच संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. नोंदीच्या तळाशी व्युत्पत्तीचा आणि इतिहासाचा वेगळा परिच्छेद असतो, पहिल्या वापराच्या सालासकट.

एक धोका: पाच कोशांनी एकच व्युत्पत्ती दिली म्हणजे पाच साक्षीदार झाले असं होत नाही. कोश कोशावरून लिहिले जातात. ज्याने नवा उतारा किंवा नवं कारण दिलं आहे तोच साक्षीदार, बाकीचे त्याच साक्षीची नक्कल.

तारीख

आता दुसरी सकाळ, आणि हे काम भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा ज्या ग्रंथालयात राजवाड्यांचे खंड आणि सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तरचे ४५ खंड आहेत तिथे करायचं. गारद्यांसाठी राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिलाच खंड (१८९८) उघडा, कारण त्यात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत आणि आपल्या शब्दाचं ऐन तारुण्य त्याच दहा वर्षांतलं.

पत्रावर इसवी सन नसतो. त्याऐवजी शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरातली कालगणना, अरबी अंकशब्दांत, एकक आधी, असा येतो: 'इसन्ने खमसैन मया व अलफ' म्हणजे दोन, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५२. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून सुरू होतं. जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. ११५२ म्हणजे १७५१-५२. पडताळा हवा असेल तर पानिपत घ्या: 'इहिदे सितैन मया व अलफ', ११६१, महिना जानेवारी, म्हणून १७६१. सगळ्यांना सरसकट ६०० मिळवणारे पावसाळ्यातली पत्रं एक वर्ष पुढे ढकलतात, आणि 'सर्वांत जुना उल्लेख' ठरवताना एक वर्ष फार मोठं असतं.

शब्द उतरवताना तो पत्राच्या मजकुरात आहे की संपादकाने वर दिलेल्या मथळ्यात, हे पाहा. 'गारद्यांची नेमणूक' असा मथळा एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातला असू शकतो आणि खाली पत्रात नुसतं 'शिपाई' असतं. बखरींचंही तसंच. बखरीतला प्रसंग १७६१ चा असला तरी शब्द लिहिणाऱ्याच्या काळातला असतो, आणि हाती असलेली प्रत त्याहून उशिराची. बखरीतली कार्डं वेगळ्या रंगाची ठेवली तर पुढे घोळ होत नाही. आणि एखाद्या वाचनाची शंका आली तर मूळ मोडी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्या शब्दाचा आपण शोध घेतोय त्याच्याच कहाणीत 'ध' चा 'मा' झाला अशी लोककथा आहे, तेव्हा निदान इथे तरी निष्काळजीपणा शोभत नाही.

तारखेचा उपयोग असा. पोर्तुगीजांशी कोकणात आपला संबंध सोळाव्या शतकापासून. वसई १५३४ पासून त्यांच्याकडे होती ती १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. 'गारद' पोर्तुगीजांकडून आला असेल तर तो त्या दोनशे वर्षांत, निदान वसईच्या मोहिमेच्या (१७३७-३९) पत्रव्यवहारात दिसायला हवा. तो कागद पेशवे दफ्तरच्या खंडांत छापलेला आहे, तिथे शोधा. जर शब्द १७५० च्या आसपास, घाटावर आणि औरंगाबाद-हैदराबादच्या बाजूने एकदम डोकं वर काढत असेल, तर वाट फ्रेंचांच्या पुदुच्चेरीची.

उच्चार

कानाची परीक्षा या शब्दात फार बोलकी आहे, म्हणून जरा सावकाश.

इंग्रजी ट आणि ड मराठी कानाला मूर्धन्य, म्हणजे जीभ वर वळवून टाळूला लावलेले, ऐकू येतात: रोड, बोर्ड, कार्ड, डॉक्टर. म्हणून इंग्रजी 'गार्ड' मराठीत 'गार्ड'च होतो, रेल्वेतल्या गार्डसारखा. फ्रेंच आणि पोर्तुगीजमधले त-द मात्र दंत्य आहेत, जीभ दातांना टेकते. 'गारद' मधला द दंत्य आहे. ही एकच गोष्ट इंग्रजीला मागे ढकलते.

हीच गोष्ट 'काडतूस' मध्ये पाहा, म्हणजे खात्री पटेल. फ्रेंच 'कार्तूश' आणि पोर्तुगीज 'कार्तूशु' या दोन्हींत त दंत्य, मराठीतही त दंत्य. इंग्रजी रूप आपण नंतर पुन्हा घेतलं ते प्रिंटरचं 'कार्ट्रिज', आणि तिथे ट मूर्धन्य. एकच शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा दातांनी आपली ओळख सांगितली. शिवाय 'काडतूस' मध्ये र चा ड झाला तसाच 'गाडदी' मध्ये झालाय. पुढच्या दंत्य व्यंजनाला भिडलेला र मराठी तोंडात ड होतो असे दोन दाखले जुळले म्हणजे 'गाडदी' हे चुकीचं लेखन नाही, ते खरोखर बोललं जाणारं रूप होतं. त्या ड वरून इंग्रजी गार्डकडे उडी मारू नका. तो ड र च्या जागी आलेला आहे, द तिथल्या तिथेच आहे.

पण परीक्षा बिनचूक नाही. उत्तरेतल्या छावण्यांत इंग्रजी शब्दही दंत्य झाले: सेंट्रीचा संत्री, ऑर्डर्लीचा अर्दली. तेव्हा शब्द हिंदुस्थानीतून फिरून आला असेल तर दाताची साक्ष तितकी पक्की राहत नाही. दंत्य द वरून 'इंग्रजी असण्याची शक्यता कमी' एवढंच म्हणता येतं.

फ्रेंच की पोर्तुगीज, हे दाताने ठरत नाही. तिथे शब्दाच्या सुरुवातीकडे बघायचं. पोर्तुगीज 'ग्वार्दा' मध्ये ग नंतर व ऐकू येतो, फ्रेंच 'गार्द' मध्ये नुसता ग आहे. 'गारद' मध्ये व चा मागमूस नाही. शेवटचा आ मात्र पुरावा म्हणून धरू नका: पोर्तुगीज शेवटचे स्वर मराठीत कधी राहतात (बटाटा) आणि कधी गळतात ('फीता'चं फीत, 'पीपा'चं पीप). फ्रेंच उच्चार कानाने ऐकायचा असेल तर रानडे इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेंच शिकवणाऱ्यांना विचारावं, पण आजचा घशातला पॅरिसी र ऐकून गोंधळू नये. अठराव्या शतकातल्या शिपायांत जिभेच्या टोकाने म्हटलेला र सर्रास होता आणि तो मराठी र ला जवळचा.

'गार्द' चा 'गारद' होणं सोपं. र आणि द च्या मध्ये अ सरकवला की शब्दाचा शेवट तोंडाला सोपा जातो. 'ई' लागल्यावर तो अ बोलण्यात पुन्हा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून 'गार्दी' असंही लिहिलेलं आढळतं.

लिंगाची साक्ष घ्यायचा मोह होतो. फ्रेंच 'ला गार्द' स्त्रीलिंगी, मराठी गारद स्त्रीलिंगी, झालं काम! पण पोर्तुगीज शब्दही स्त्रीलिंगीच आहे. आणि 'पलटण' बघा: फ्रेंच 'बातायों' पुल्लिंगी, आपली पलटण ती. तुकडी, टोळी, फौज या ओळखीच्या शब्दांच्या पंगतीत नवा शब्द जाऊन बसतो आणि त्यांचं लिंग घेतो. लिंगाचं कार्ड करून ठेवा, तोलात टाकू नका.

शब्द आणला कोणी

शब्द हवेतून येत नाहीत. कोणीतरी तो रोज उच्चारणारा आणि कोणीतरी रोज ऐकणारा लागतो. पुदुच्चेरीला (मराठी कागदांतली फुलचरी) फ्रेंचांनी एतद्देशीय शिपायांना कवायत शिकवायला घेतली. १७५१ मध्ये फ्रेंच सेनानी मार्की द ब्युसी निजामाबरोबर दख्खनेत आला आणि १७५८ पर्यंत राहिला. ही सात वर्षं आपल्या शब्दाला पुरेशी आहेत. पेशव्यांची फौज त्याच्या शिस्तबद्ध पायदळाशी लढली, त्याचे परिणाम पाहिले, आणि मग त्याच्याकडे तयार झालेली माणसंच नोकरीला ठेवली. इब्राहिमखान हा त्यांतला सर्वांत नावाजलेला, आणि नावामागे धंदा लावून तो 'इब्राहिमखान गारदी' झाला.

फ्रेंच शब्द कानावरून मराठी कागदांत कसा उतरायचा याचा मासला ब्युसीच्या नावातच आहे. 'मस्य ब्युसी'चा (मस्य म्हणजे श्रीयुत) झाला 'मुसाबुसी'. हैदराबादेतला मुसारामबागही असाच, फ्रेंच सेनानी मस्य रेमों याच्या नावाचा. म्हणजे फ्रेंच बोलणं या बाजूला कानोकानी पोचत होतं, कोशातून नव्हे. १७७७ मध्ये सेंट ल्युबँ हा फ्रेंच वकील थेट पुण्याला नाना फडणिसांकडे आला, पण तोवर शब्द रुळून वर बदनामही झालेला होता; ल्युबँचं कार्ड या गठ्ठ्यात नको.

१८१८ नंतर इंग्रजी राज्यात पोलिसी आणि लष्करी 'गार्ड' रोजचा झाला. आधीपासून असलेल्या 'गारद' ला त्याने जीवदान दिलं असणार. म्हणून आजच्या 'सशस्त्र गारद' मध्ये दोन ओढ्यांचं पाणी आहे असं मानणं बरं, आणि 'गारदी'ची व्युत्पत्ती आजच्या 'गारद' वरून ठरवू नये.

तिसरा दावेदार

हॉब्सन-जॉब्सनच्या नोंदीत एक भलतंच मत आहे. 'सियर-उल-मुताखिरीन' या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये कलकत्त्याला निघालं. भाषांतरकार हाजी मुस्तफा नावाने वावरणारा, मूळचा फ्रेंच. त्याची टीप अशी की पश्चिम किनाऱ्यावरच्या अरब, हबशी शिपायांना अरबीत 'घर्बी' म्हणजे पश्चिमेकडचे म्हणत. फ्रेंचांनी आणि इथल्या लोकांनी त्याचाच 'गार्दी' केला. आणि बंगाल सोडून सगळीकडे शिपायाला हेच नाव पडलं, बंगालकडे 'तेलिंगे' म्हणतात. यूल-बर्नेल यांनी हे मत धुडकावलेलं नाही, उलट बऱ्यापैकी मान दिला आहे.

माणूस समकालीन, स्वतः फ्रेंच जाणणारा, म्हणून टीप फेकून देता येत नाही. पण तोलून पाहिली तर हलकी भरते. ब चा द होण्याला मराठीत आधार नाही, आणि 'अरबी', 'गरबा' सहज म्हणणाऱ्या जिभेला 'घर्बी' मोडायचं कारणही नाही. आखूड अ चा आ का झाला, तेही सुटत नाही. कागद चाळताना एक कसोटी लावा: एकाच यादीत 'आरब' आणि 'गारदी' शेजारी-शेजारी वेगळे मोजलेले असतील, तर लिहिणाऱ्याच्या लेखी गारदी म्हणजे अरब नव्हते. अशा याद्यांची दोन-तीन कार्डं जमली की हा दावा मागे पडतो. त्याच नोंदीत १७८८ च्या एका शब्दसंग्रहाचा उल्लेख आहे, त्यात गारदी ही विजापूर प्रांतातली चांगल्या पायदळ शिपायांची जमात ठरवली आहे! नोकरीचं नाव परक्याला जातीचं वाटलं. अठराव्या शतकात छापलं म्हणून खरं मानायचं नाही, याला एवढं उदाहरण पुरे.

मुळापर्यंत

जवळचं मूळ ठरल्यावरच वरच्या पिढीकडे जायचं. उलट क्रमाने गेलं की सगळेच दावेदार बरोबर वाटू लागतात, कारण इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज तिघांचंही खापरपणजोबाचं घर एकच आहे. फ्रेंच 'गार्दे' म्हणजे राखणं. ते लॅटिन नाही, जर्मानिक आहे: 'वार्दोन' सारखं रूप, फ्रँक लोकांच्या बोलीतलं. जर्मानिक व ला जुन्या फ्रेंचने ग केलं. इंग्रजीने काही शब्द उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन बोलीतून व सकट घेतले आणि काही मध्य फ्रान्सच्या फ्रेंचमधून ग सकट पुन्हा घेतले, म्हणून जोड्या दिसतात: वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी. इंग्रजी 'वॉर' आणि फ्रेंच 'गेर' एकच. स्पॅनिश 'गेरिला' त्याच घराण्यातलं. दुकानदार वॉरंटी आणि गॅरंटीतला फरक समजावून सांगतो तेव्हा तो एकाच शब्दाच्या दोन उच्चारांतला फरक सांगत असतो.

म्हणजे ससूनमधला वॉर्ड, महापालिकेचा वॉर्ड, वसतिगृहाचा वॉर्डन, घरातलं वॉर्डरोब आणि शनिवारवाड्यातला गारदी हे लांबचे का होईना, भाऊबंद. आणि ज्या फ्रँकांनी हा शब्द दिला त्यांच्याच नावाचं फारसीतून 'फरंग' आणि मराठीत 'फिरंगी' झालं.

नोंद लिहिणं

शेवटी सगळी कार्डं एका नोंदीत उतरवायची. क्रम असा: रूपं, लिंग-वचन, सर्वांत जुना अर्थ, नंतरचे अर्थ सालासकट, जवळचं मूळ, लांबचं मूळ, नाकारलेली मतं आणि नाकारायचं कारण. मूळ देताना तीनच शब्द वापरा आणि ते सैल सोडू नका. 'निश्चित' म्हणजे तारीख, उच्चार आणि आणणारा माणूस तिन्ही जुळले. 'बहुधा' म्हणजे तिन्हींपैकी दोन. एकच जुळलं तर 'संभाव्य'. आपल्या शब्दासाठी ती अशी दिसते:

गारदी (गाडदी, गार्दी), पु. १. युरोपी कवायत शिकलेला पगारी पायदळ शिपाई. अठराव्या शतकाचा मध्य. २. (ल.) भाडोत्री मारेकरी, विश्वासघातकी नोकर; १७७३ नंतर. [गारद + ई, गारद बहुधा फ्रें. गार्द, ब्युसीच्या दख्खनेतल्या पायदळामार्फत, तुलना पोर्तु. ग्वार्दा. इंग्रजी गार्ड असण्याची शक्यता कमी, दंत्य द मुळे. अर. घर्बी नाही, ब-द बदलाला आधार नसल्यामुळे. 'गारद होणे' (अर. गारत) आणि 'गर्दी' (फा.) यांच्याशी संबंध नाही.]

'बहुधा' का? उच्चार आणि आणणारा जुळतात, तारखेचं दार मात्र पोर्तुगीजांसाठी उघडं ठेवावं लागतं. १७३९ च्या आधीच्या अस्सल कोकणी पत्रात 'गारद' पहाऱ्याच्या अर्थाने सापडली तर कंसातली फ्रेंच आणि पोर्तुगीज नावं जागा बदलतील, बाकीची नोंद तशीच राहील. म्हणून कार्डाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या सोडा, आणि पुढचं कार्ड 'पलटण'चं घ्या. तिथे बातायों आणि पेलोतों हे दोन फ्रेंच शब्दच एकमेकांशी भांडतात.